गोठलेल्या दंवात रानवाट चालताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कडाक्याच्या थंडीत रानात फिरायला निघालेली माणसं बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतात. दाराबाहेर पाऊल टाकताच गारठा अंगावर येतो, म्हणून हाताला लागेल ते सगळं चढवतात. पहिल्याच चढावर घामाघूम होतात. मग दम खायला थांबतात आणि तोच घाम पाठीवर बर्फासारखा गार पडतो. आता जाड जॅकेट घालावं म्हटलं, तर ते आधीच अंगात असतं आणि आतून ओलं झालेलं असतं. बोटं बधिर झालेली, बाटलीचं झाकण फिरत नाही, फोन बंद पडलेला आणि परतीच्या वाटेवर उजेड सरत चाललेला.

यात थंडीचा दोष कमी आणि क्रमाचा जास्त आहे. गारठ्यात प्रत्येक गोष्ट गरज वाटण्याच्या थोडी आधी करावी लागते. घाम येण्याआधी कपडा उतरवायचा, थंडी वाजण्याआधी चढवायचा, भूक लागण्याआधी खायचं, अंधाराआधी वळायचं. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने मांडले आहेत.

हे मार्गदर्शन शून्याच्या आसपास ते साधारण उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडीत, आखलेल्या पाऊलवाटेवरून होणाऱ्या एका दिवसाच्या फेरीसाठी आहे. गुडघाभर बर्फ किंवा उंच डोंगरातले हिमउतार यांसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. तिकडे या लेखाच्या भरवशावर जाऊ नका.

## टप्पा १: आदल्या संध्याकाळी हवामान नीट वाचा

अंदाजात 'किमान ३ अंश' दिसलं की लोक म्हणतात, चला, गोठणार नाही. इथेच पहिली चूक होते. हवेचं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते आणि जमिनीलगतचा गारवा त्या आकड्यापेक्षा काही अंशांनी खाली जातो. त्यामुळे अंदाजात ३ अंश असले तरी सकाळी गवतावर आणि लाकडी फळ्यांवर दंव गोठलेलं सापडू शकतं. ढगाळ रात्री ढग पांघरुणासारखे काम करतात, म्हणून तेवढ्याच आकड्याला वाट नुसतीच ओली असू शकते.

थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि ओढ्याकाठी, खोलगट जागी साचते. नकाशावर वाट जिथे ओढ्याकडे उतरते तिथे आत्ताच खूण करा. सकाळची सगळ्यात वाईट घसरण बहुधा तिथेच असते. डेरेदार सदाहरित झाडांखाली दंव कमी पडतं, मोकळ्या माळावर आणि रानातल्या रिकाम्या पट्ट्यांत जास्त.

वाऱ्याचा आकडाही पाहा. उणे ५ अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते साधारण उणे १२ सारखं जाणवतं. दाट झाडीत वारा मोडतो, पण रानाची कड आणि खिंड ओलांडताना तो तोंडावर येतो.

शेवटी कालचं हवामान पाहा. काल दुपारी पाऊस पडला असेल किंवा बर्फ वितळला असेल आणि रात्री पारा शून्याखाली गेला असेल, तर वाटेवर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा धरलेला असतो. तो डोळ्यांना नुसता ओलसर दिसतो. कोरड्या, पांढऱ्याशुभ्र दंवापेक्षा मी या पापुद्र्याला कितीतरी जास्त घाबरतो.

तपासा: किमान तापमान, वारा, कालचा पाऊस आणि उद्याचा सूर्यास्त हे चार आकडे कागदावर उतरले का? चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. पुढचा टप्पा त्यावरच उभा आहे.

## टप्पा २: वाट निवडा आणि मागे फिरायची वेळ ठरवा

उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या अखेरीला ५० अंश अक्षांशावर दिवस जेमतेम ८ तासांचा असतो आणि ६० अंशांवर ६ तासांच्या आसपास. त्यात झाडीखाली अंधार उघड्यावरच्यापेक्षा बराच आधी दाटतो. सूचिपर्णी रानात तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच पायाखालचं नीट दिसेनासं होतं.

डोंगरवाटांसाठी एक जुना आडाखा आहे: ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला १ तास जास्त. गोठलेल्या वाटेवर तो चालत नाही. मी ताशी ३ किलोमीटर धरतो आणि चढाचा वेळ त्यात वेगळा मिळवतो. वेळ उरला तर उत्तम.

आता मागे फिरायची वेळ काढू. समजा सूर्यास्त साडेचारला आहे. त्याआधी एक तास, म्हणजे साडेतीनला, परत यायचं. १० वाजता निघालात तर हाताशी साडेपाच तास. त्याचा अर्धा म्हणजे पावणेतीन तास, म्हणजे पाऊण वाजला. परतीला पाय दमलेले असतात, म्हणून आणखी पंधरा मिनिटं कापा. साडेबारा वाजता तुम्ही कुठेही असा, वळायचं. पाणवठा 'अगदी पुढच्या वळणावर' असला तरी वळायचं. ही वेळ सोबतच्या प्रत्येकाला तोंडाने सांगा. एकट्याच्या मनात असलेली वेळ पाळली जात नाही.

पहिल्यांदा जात असाल तर वर्तुळाकार वाट घेऊ नका. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या. वर्तुळाकार वाटेचा अनोळखी अर्धा भाग नेमका दमल्यावर आणि उजेड उतरताना समोर येतो. त्याच वाटेने परतताना कुठली फळी निसरडी, कुठल्या मुळावर पाय सरकला, हे ठाऊक असतं.

नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदावरही ठेवा. पुष्कळ देशांत हिवाळा हा शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा त्या रानाचे नियम आधी पाहा आणि अंगावर भडक केशरी काहीतरी ठेवा. घरी किंवा मित्राला तीन गोष्टी सांगून निघा: कुठली वाट, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. तिसरी गोष्ट लोक विसरतात. मग घरचे रात्री उशिरापर्यंत 'येतीलच' म्हणत बसतात.

## टप्पा ३: कपडे पंधराव्या मिनिटासाठी घाला

दारात उभं असताना उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. निघताना किंचित गारवा जाणवलाच पाहिजे. पंधरा मिनिटं चालल्यावर शरीर स्वतःची भट्टी पेटवतं आणि कपडे त्या अवस्थेला पुरेसे असावे लागतात.

अंगालगतचा थर. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, अंगाला चिकटून बसणारा. सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स हे सगळं घरी. सुती कापड घाम शोषून धरून ठेवतं आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं. ओली सुती बनियन अंगावर ठेवून थंडीत उभं राहणं म्हणजे ऊब स्वतःच्या हाताने फेकून देणं. लोक वरून भारी जॅकेट घालतात आणि आत रोजची बनियन ठेवतात. मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक ही आहे.

मधला थर. फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. पुढे पूर्ण चेन असलेला घ्या, म्हणजे न थांबता, चालता चालता उघडता येतो.

बाहेरचा थर. वारा अडवणारा, पातळ, ढगळ. पूर्ण जलरोधक असलाच पाहिजे असं नाही. कोरड्या गारठ्यात वारा अडला आणि घामाची वाफ बाहेर गेली की पुरे.

थांबण्याचा थर. पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं फुगीर जॅकेट. हे अंगात घालून चालायचं नाही. ते पिशवीत सगळ्यात वर ठेवायचं, एका हालचालीत हाताला लागेल असं. हे जॅकेट पिशवीत असल्याचा आत्मविश्वास नसतो म्हणूनच माणसं निघतानाच सगळं अंगावर चढवतात.

पायांना पातळ लोकरी किंवा कृत्रिम आतली पॅंट आणि वर वारा अडवणारी पॅंट. डोक्याला कान झाकणारी टोपी, गळ्याला ओढून नाकावर घेता येईल अशी गळपट्टी. हातांना दोन जोड्या: आत पातळ मोजे आणि वर जाड, चार बोटं एकत्र राहणारे. बोटं एकमेकांना लागून असली की जास्त उबदार राहतात. पातळ जोडीने चेन लावता येते, फोन धरता येतो, हात उघडा करावा लागत नाही. शिवाय एक कोरडी जोडी पिशवीत ठेवाच. ओला हातमोजा घालण्यापेक्षा न घातलेला बरा, असं वाटण्याची वेळ येते.

सावध: दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नाकातोंडावर कापड घेऊनच चालावं, थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात. औषधाचा पंप आतल्या खिशात ठेवा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि त्यावर चढाचा ताण येतो.

## टप्पा ४: बूट आणि मोजे

पाय गारठतात म्हणून लोक दोन-तीन जाड मोजे चढवून बूट घट्ट बांधतात. पाय आणखी गारठतात, कारण आवळलेल्या पायात रक्तच पोहोचत नाही. एक पातळ आणि त्यावर एक लोकरी मोजा पुरतो. बूट घातल्यावर आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर मोजा कमी करा. सैल, मोठा बूट नसेल तर एकच मोजा घालून जा.

तळ खोल खाचांचा, रबर मऊ असावं. जुन्या बुटाचं रबर गारठ्यात कडक होतं आणि बर्फावर काचेसारखं सरकतं. पारदर्शक बर्फाची शक्यता असेल तर बुटावर ओढून बसवायच्या, बारीक दाते असलेल्या साखळ्या सोबत घ्या. त्या घरी एकदा घालून, काढून पाहा. गारठलेल्या हातांनी पहिल्यांदा घालायला गेलात तर जमत नाहीत. त्या निसरडा पट्टा संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी चढवायच्या. चार पावलं त्या पट्ट्यावर गेल्यावर वाकायला जागाच उरत नाही.

## टप्पा ५: पिशवी भरण्याचा क्रम

जे आधी लागणार ते वर. वरून खाली: थांबण्याचं जॅकेट, कोरडे हातमोजे, खाऊ, थर्मास, बसायला फोमचा तुकडा, हेडलॅम्प, प्रथमोपचार, कोरडे पायमोजे, चकाकणारी पातळ बचाव-चादर. शिट्टी पिशवीच्या पट्ट्याला बाहेरून.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. पाणी वरून गोठत खाली येतं, म्हणून बाटली उलटी ठेवा. बर्फ बुडाशी धरतो, झाकण मोकळं राहतं. बाटली रुंद तोंडाची असावी आणि पाणी कोमट भरावं. नळी लावलेली पाण्याची पिशवी आणली तर सगळ्यात आधी नळीतलं पाणी गोठतं, ती घरीच ठेवलेली बरी. थर्मासमध्ये पेय भरण्याआधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा आणि ओतून द्या. थंड थर्मास पहिली उष्णता स्वतःच पिऊन टाकतो.

खाऊ छोट्या तुकड्यांत, खिशात. पुष्कळसे गोड बार गारठ्यात दगडासारखे होतात आणि दात दुखावतात. घरीच लहान तुकडे करा आणि अंगाजवळच्या खिशात ठेवा.

फोनची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, पॉवर बँकही तशीच. फोन शून्याखाली गारठलेला असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका. त्या तापमानाला चार्जिंग केल्याने लिथियम बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. आधी अंगाजवळ गरम होऊ द्या. हेडलॅम्पमध्ये साध्या अल्कलाइन बॅटऱ्यांऐवजी लिथियम बॅटऱ्या घातल्या तर थंडीत कितीतरी जास्त टिकतात.

तपासा: हातमोजे घालून पिशवीची चेन उघडा, जॅकेट काढा, थर्मासचं झाकण फिरवा, हेडलॅम्प लावा. यातलं जे हातमोज्यांत जमत नाही ते आत्ताच बदला. चेनला दोरीचा गाठ मारलेला तुकडा बांधला की अर्धी अडचण जाते.

## टप्पा ६: पहिला अर्धा तास

निघण्याआधी आत, उबेत, पाणी प्या. थंडीत तहान मंदावते, पण श्वासातून पाणी जातच राहतं आणि गारठ्याने लघवीही जास्त होते.

पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. मग एकदा थांबा, एकाच मिनिटासाठी, आणि एक थर काढा. सोबतचे म्हणतील, 'अजून तर थंडी वाजतेय.' तरी काढा. मानेमागे हात घालून पाहा: कातडी कोरडी आणि कोमट असेल तर बरोबर, ओलसर असेल तर उशीर झाला. चढ लागण्याआधी टोपी आणि गळ्याची चेन उघडा. पूर्ण कपडा न काढता उष्णता बाहेर सोडायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

वेग असा ठेवा की नाकाने श्वास घेता यावा आणि सलग वाक्य बोलता यावं. बोलताना धाप लागली की घाम येणारच.

## टप्पा ७: वाट वाचत चालणं

गोठलेल्या रानात जमीन दर पन्नास पावलांवर बदलते. नजर पायांपुढे तीन-चार पावलं ठेवा.

लाकडी पूल आणि फळ्यांच्या वाटा सगळ्यात फसव्या. खालूनही थंड हवा लागते, म्हणून आजूबाजूची माती मऊ असली तरी फळी गोठलेली असते. एका पुलावर मी उकिडवा बसून नीट पाहिलं होतं. फळीच्या कडांवर पिसासारखे पांढरे स्फटिक उभे होते, नखाएवढे, एकेक टोक स्पष्ट. मधला हातभर पट्टा मात्र काळपट, जणू पाणी सांडून नुकतंच पुसलंय. बोट टेकवलं तर टणक काच. पुढे गेलेल्यांच्या बुटांनी दंव दाबलं होतं, त्यांच्या उबेने ते जरासं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. पांढरी कड दिसायला भीतीदायक, पण तिथे बुटाला पकड होती. काळपट मध्य सुरक्षित दिसत होता आणि तिथेच पाय जाणार होता. तेव्हापासून पुलावर मी जिथे कुणी चाललेलं नाही तिथे, कठड्याला हात धरून, पाय ठेवतो.

निसरड्या जागी चालण्याची रीत: पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल टाचेवर न टेकता सपाट टेकायचं, भार सरळ पायावर. हात खिशाबाहेर. काठी असेल तर टोकाची रबरी टोपी काढून ठेवा. उतारावर सरळ खाली जाऊ नका, तिरकं, वळणं घेत उतरा. मुळं ओलांडा, मुळावर पाय देऊ नका. पानांचा दंवाने भरलेला थर कोरडा वाटतो, पण खाली ओला चिखल आणि त्यावर गोठलेला पापुद्रा असतो.

मातीतून सुयांसारखे बर्फाचे दाट खांब उभे राहिलेले दिसले, तर ते माती वर उचलून धरतात. वरची माती टणक वाटते, पाय पडला की चरचरत खाली बसते. कडेच्या उतारावर अशी माती असेल तर वाटेच्या मध्यातून चाला. कुजलेल्या काटकीवर पांढऱ्या केसांसारखे रेशमी झुपके दिसले तर खुशाल वाका आणि पाहा. तो बर्फच असतो, लाकडात वाढणाऱ्या एका बुरशीमुळे तसा बारीक धाग्यांत निघतो. बोट लावलं की वितळतो, तेव्हा आधी डोळे भरून पाहून घ्या.

फांद्यांवर एकाच बाजूला खरबरीत पांढरा थर असेल तर ते धुक्यातलं पाणी वाऱ्याबरोबर येऊन गोठलेलं असतं, आणि तो थर वारा येतो त्या दिशेने वाढतो. पुढच्या उघड्या पट्ट्यात वारा कुठून तोंडावर येणार हे त्यावरून आधीच कळतं.

सावध: डोक्यावरही लक्ष ठेवा. बर्फाने वाकलेल्या फांद्या, अर्धवट मोडून अडकलेले ओंडके यांच्याखाली थांबू नका. ऊन चढल्यावर आणि वारा सुटल्यावर ते सुटतात. कडाक्यात एखादं झाड बंदुकीसारखा आवाज करून तडकतं. तो खोडाला चीर पडल्याचा आवाज असतो, झाड लगेच कोसळतं असं नाही.

गोठलेल्या तळ्यावर पाऊल नाही. चालणाऱ्या एका माणसाला निदान १० सेंटिमीटर जाडीचा, पारदर्शक, अखंड बर्फ लागतो असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं, आणि काठावर उभं राहून जाडी कळत नाही. ओढा जिथे आत येतो किंवा बाहेर पडतो, वेत-बोरू जिथे उगवलेत, बर्फावर जिथे हिम साचलंय, तिथे तो पातळ असतो. कुणी आत गेलंच तर त्याने पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणण्यात घालवावं. साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, शुद्ध जायला बहुधा तासभर लागतो. ज्या बाजूने आलो तिकडेच वळायचं, पाय मारत पोटावर सरकत बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. काठावरच्याने धावत जवळ जाऊ नये, काठी किंवा दोरी फेकावी.

## टप्पा ८: थांबण्याचा क्रम

थांबल्याबरोबर पहिली हालचाल फुगीर जॅकेटची. पाणी नाही, फोटो नाही, खाऊ नाही. जॅकेट वरच्या थरावरच चढवा, आतलं काही काढू नका. चालून तयार झालेली ऊब पहिल्या दोन-तीन मिनिटांतच निसटते, तेवढ्यात ती कोंडून घ्यायची. मग फोमचा तुकडा टाकून बसा, थंड दगड किंवा ओंडका सरळ अंगातली ऊब ओढतो. मग गरम पेय, मग खाणं. हातमोजे काढलेच तर कपड्याच्या आत, छातीशी ठेवा, जमिनीवर नाही.

दहा मिनिटं पुरेत. निघताना मात्र उलटी चूक होते: उबेत बसलेलं जॅकेट काढवत नाही आणि तसंच घालून चालतात. उभं राहून शंभर पावलं जॅकेटसकट चाला, मग काढा. दर तासाला असा एक छोटा थांबा, एका लांब थांब्यापेक्षा चांगला.

## टप्पा ९: सोबत्याकडे पाहत राहा

गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळत नाही. मावसभावाबरोबर एका फेरीत तो मागे पडू लागला. विचारलं की, 'मी ठीक आहे रे,' एवढंच. मी म्हटलं, 'जरा पिशवीचं बकल लावून दाखव.' दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हात तसाच धरून उभा राहिला. तेवढं पुरेसं होतं. त्याला कोरडे हातमोजे आणि जॅकेट घातलं, गोड गरम पेय दिलं आणि आम्ही तिथूनच वळलो. तेव्हापासून दर तासाला मी सगळ्यांना बकल लावायला लावतो.

खुणा अशा: बोलणं अडखळणं, हातातून वस्तू पडणं, पाय अडखळणं, उगाच चिडचिड किंवा गप्प होणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला शीतबाधा म्हणतात. कुडकुडणारा माणूस अजून लढतो आहे. ऊब न मिळता कुडकुडणं थांबलं तर प्रकृती बिघडते आहे.

काय करायचं: वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली फोम आणि पिशव्या अंथरा, डोक्यासकट गुंडाळा, छाती-पोट आधी गरम करा. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. दारूने कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. शुद्ध हरपत असेल तर अजिबात हलवाहलव न करता, अगदी सांभाळून धरा, धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लगेच मदत बोलवा.

नाकाचा शेंडा, कान, गाल आणि बोटं हिमदंशाला आधी बळी पडतात. एकमेकांचे चेहरे पाहत चला, स्वतःचा दिसत नाही. कातडी फिकी आणि बधिर झाली असेल तर लगेच हाताच्या उबेने, काखेत धरून गरम करा. टणक, मेणासारखी झाली असेल तर तो खरा हिमदंश: चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचंही नाही. सुरक्षित जागी ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात गरम करायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

फोन लागत नसेल तर संदेश पाठवून पाहा, क्षीण सिग्नलवर तो कधीकधी जातो. शिट्टीची खूण: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा.

तपासा: मागे फिरायची वेळ झाली का? घड्याळ बघण्याचं काम गटात एकाकडेच द्या.

## टप्पा १०: परत आल्यावर

दुपारी जिथे ऊन पडलं तिथला बर्फ वितळलेला असतो आणि सावलीत तो पुन्हा गोठू लागतो. म्हणून परतीची शेवटची दोन किलोमीटर सकाळपेक्षा जास्त निसरडी असू शकतात. नेमकं तेव्हाच लोक गप्पा मारत, हात खिशात घालून चालतात. साखळ्या वाट संपेपर्यंत काढू नका.

गाडीत किंवा घरात शिरताच आधी ओला आतला थर बदला, मग गरम पेय. गारठलेले हात-पाय हीटरवर किंवा कढत पाण्यात धरू नका. अचानक उबेने बोटांना लाल, खाजऱ्या सुजा येतात. खोलीच्या उबेत हळूहळू येऊ द्या.

कॅमेरा घरात आणण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा, नाहीतर उबदार हवेतली वाफ लेन्सवर आणि आत जमते. बुटाच्या आतली पट्टी काढा, आत कागद कोंबा आणि हीटरपासून दूर वाळवा. उष्णतेने चामडं तडकतं, तळाचा डिंक सुटतो. पिशवी त्याच रात्री पूर्ण रिकामी करा. तळाशी दबून राहिलेला ओला हातमोजा पुढच्या फेरीला तसाच ओला सापडतो, आणि तो नेमका तेव्हाच सापडतो जेव्हा कोरडा हवा असतो.